काळा केस, सावळी त्वचा आणि लेझरचा प्रकाश

तुळशीची लग्नं उरकली की त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक ठराविक मागणी वाढते. मुलीचं लग्न दीड-दोन महिन्यांवर आलेलं असतं, सोबत आई किंवा मावशी असते, आणि हनुवटीवरचे, ओठांवरचे, हातापायांवरचे केस 'लेझरने एकदाचे काढून टाका' असं म्हणणं असतं. डॉक्टर सांगतात, सहा ते आठ सिटिंग लागतील, दोन सिटिंगमध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर. म्हणजे पाच ते दहा महिने. लगेच शंका येते, की हे पैसे उकळायचे धंदे तर नाहीत? तसं नाही. मशीन कितीही भारी असलं तरी केसाच्या वाढीची स्वतःची गती असते आणि ती कुणाच्या मुहूर्तासाठी बदलत नाही.

अंगावरचा प्रत्येक केस तीन अवस्थांतून जातो. आधी वाढ, मग थोडा काळ मुळाचं आकसणं, मग विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. डोक्यावरच्या केसाची वाढ काही वर्षं चालते, म्हणून वेणी कमरेपर्यंत जाऊ शकते. हात-पाय, ओठ, हनुवटी इथल्या केसांची वाढ काही आठवडे ते काही महिन्यांतच थांबते, म्हणून ते ठरावीक लांबीच्या पुढे जात नाहीत. मुख्य म्हणजे सगळे केस एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. आज ओठांवर जेवढे केस दिसतात त्यातले काही वाढताहेत, काही नुसतेच त्वचेतल्या आपापल्या खोबणीत अडकून बसलेत, आणि काही खोबण्या तर रिकाम्याच आहेत. लेझरचा खरा परिणाम होतो तो वाढत्या केसावर, कारण तेव्हाच त्याचं मूळ काळ्या रंगद्रव्याने भरलेलं असतं आणि केस मुळाला घट्ट जोडलेला असतो. बाकीच्यांची पाळी पुढच्या वेळी. एका सिटिंगला सगळं संपत नाही ते यामुळे, आणि आठवड्याला एक सिटिंग उरकूनही उपयोग नाही तोही यामुळेच.

आता प्रकाश नेमकं काय करतो ते पाहू. मे महिन्यातल्या दुपारी अंगणातल्या कडप्प्याच्या काळ्या फरशीवर अनवाणी पाय टाका आणि मग शेजारच्या पांढऱ्या टाइलवर टाका. ऊन दोघींवर सारखंच पडलेलं असतं, पण काळी फरशी ते शोषून तापते. केसातलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, हेच काम करतं. लेझरचा झोत त्वचेतून आत जातो, केसाच्या काळ्या दांड्यात आणि मुळात शोषला जातो, तिथे उष्णता होते, आणि ती उष्णता आजूबाजूला पसरून केस उगवणाऱ्या पेशींना भाजते. यातल्या काही पेशी खाली मुळाच्या गाठीत असतात, तर नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी थोड्या वर, खोबणीच्या भिंतीला आलेल्या फुगवट्यापाशी असतात. या मूळपेशींमध्ये स्वतःचा रंग फारसा नसतो. त्यामुळे उष्णता केसात निर्माण होऊन तिथवर पोचावी लागते. पोचली तर ती खोबणी कायमची निकामी होते. अर्धवट पोचली तर केस पुन्हा येतो, पण बारीक आणि फिकट, लवेसारखा. मुळीच पोचली नाही तर काही आठवड्यांनी जैसे थे.

ही युक्ती कुणा ब्यूटी पार्लरात सुचलेली नाही. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० साली कॅलिफोर्नियात चालवून दाखवला, माणकाच्या कांडीतून निघणारा लाल झोत. सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञाने त्याच दशकात तो त्वचेवर वापरून पाहिला आणि काळसर भागांवर त्याचा परिणाम जास्त होतो हे नोंदवलं. पण हवी ती गोष्ट जाळायची आणि शेजारची वाचवायची कशी, याचा हिशेब मांडला गेला १९८३ मध्ये. बोस्टनचे रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात तो छापला. त्याचं सार असं: ज्या रंगाची वस्तू तापवायची आहे तो रंग जी तरंगलांबी शोषतो ती निवडा, आणि झोत इतक्या कमी वेळासाठी सोडा की त्या वस्तूतली उष्णता बाहेर सांडायच्या आत काम झालेलं असेल. जाड वस्तू हळू थंड होते, बारीक वस्तू पटकन. म्हणून लेझरच्या एका ठोक्याचा, म्हणजे एकदा सोडलेल्या झोताचा, कालावधी लक्ष्याच्या जाडीवर ठरतो. या तत्त्वाचा पहिला मोठा उपयोग केसांसाठी नव्हता. लहान मुलांच्या चेहऱ्यावर जन्मतः जो गडद लाल डाग असतो, त्यातल्या रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी होता. केसांची पाळी नंतर आली. १९९६ मध्ये अँडरसन यांच्याच गटाने तेरा स्वयंसेवकांवर माणिक-लेझर वापरून केसांची वाढ लांबते, काहींच्या बाबतीत ती बराच काळ थांबते, हे दाखवलं.

त्या स्वयंसेवकांची त्वचा गोरी होती आणि केस तपकिरी किंवा काळे. आपल्याकडची सगळी गोष्ट इथूनच वेगळी होते.

काळ्या केसात जे रंगद्रव्य आहे तेच सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही आहे. झोताला यातला केस कुठला आणि कातडी कुठली हे कळत नाही. गोऱ्या युरोपीय माणसाच्या त्वचेतून प्रकाश जवळजवळ बिनअडथळा जातो आणि केसाला गाठतो. आपल्या त्वचेत शिरताना मात्र वरच्या थरातच त्याचा बराच भाग शोषला जातो. परिणाम दुहेरी: केसापर्यंत कमी पोचतं आणि कातडी जास्त तापते. कातडी भाजली की आधी फोड, मग खपली, आणि नंतर काळा किंवा पांढरा डाग, जो महिनोन्महिने जात नाही. केस कमी झाले आणि हनुवटीवर चौकोनी काळे ठसे उरले, अशी तक्रार घेऊन येणारे लोक असतात. ते चौकोन म्हणजे मशीनच्या काचेचा आकार.

त्वचेचा रंग मोजायला डॉक्टर सहा टप्प्यांची एक पट्टी वापरतात. अमेरिकेतल्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती बनवली ती अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवण्यासाठी, आणि तेव्हा तीत चारच टप्पे होते, सगळे गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा टप्पा नंतर जोडले गेले. भारतीय माणसं बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यात बसतात. एकाच घरात आई चौथ्यात आणि मुलगी तिसऱ्यात, असंही होतं. एवढंच काय, त्याच मुलीचा चेहरा आणि तिचीच काख किंवा मांडीचा सांधा यांचे टप्पे वेगळे असू शकतात. म्हणून 'मैत्रिणीला जे सेटिंग लावलं तेच मला लावा' याला काही अर्थ नाही.

मग सावळ्या त्वचेवर लेझर कसा चालतो? तीन गोष्टी सांभाळून.

पहिली, तरंगलांबी. माणिक-लेझरची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर. मेलॅनिन ती आधाशासारखी शोषतं, म्हणून तो आपल्याकडे चालत नाही. त्यापुढे ७५५चा अलेक्झांड्राइट, मग ८०० ते ८१०च्या आसपासचा डायोड, आणि १०६४चा एनडी-याग. जसजशी तरंगलांबी वाढते तसतसं मेलॅनिनचं शोषण कमी होतं आणि झोत खोल जातो. एनडी-याग वरच्या थराला सर्वांत कमी त्रास देतो, म्हणून गडद त्वचेसाठी तो सर्वांत सुरक्षित मानतात. पण त्याची किंमत मोजावी लागते: केसातलं मेलॅनिनही तो कमी शोषतो, म्हणून ताकद जास्त लावावी लागते, दुखतं जास्त, आणि बारीक केसांवर तो फिका पडतो. डायोड मधला आहे. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत तोच दिसतो, आणि चौथ्या टप्प्यापर्यंतच्या त्वचेला जाड काळ्या केसांसाठी तो नीट वापरला तर चांगला चालतो. हल्ली एकाच मशीनमध्ये तिन्ही तरंगलांबी एकत्र असल्याच्या जाहिराती असतात. ते मशीन वाईट असेल असं नाही, पण हाती घेणाऱ्याला सेटिंग कळत नसेल तर तीन काय नि तेरा काय.

दुसरी गोष्ट ठोक्याचा कालावधी. त्वचेच्या वरच्या थरातलं मेलॅनिन फार लहान कणांत असतं, ते चटकन थंड होतं. केसाची खोबणी त्या मानाने जाडजूड, तिला थंड व्हायला दहा ते शंभर मिलिसेकंद लागतात. ठोका जरा लांबवला तर कातडीला मधल्या मध्ये उष्णता सोडून द्यायला वेळ मिळतो आणि केस मात्र तापतच राहतो. सावळ्या त्वचेवर लांब ठोके वापरतात ते यासाठी.

तिसरी गोष्ट गारवा, आणि माझ्या मते जाहिरातीत सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दल. झोताच्या आधी, झोताबरोबर आणि नंतर कातडी गार ठेवली की वरचा थर वाचतो. कुणाच्या मशीनला बर्फासारखं थंड नीलमण्याचं टोक असतं, कुणी गार वायूचा फवारा मारतं, कुणी थंड हवेची नळी धरून उभं राहतं. वर लावलेलं जेल कोमट झालं, टोकावर जळक्या केसांची काजळी साचली आणि तरी पुसलं नाही, तर तीच काजळी तापून कातडीला चटका देते. सिटिंगच्या वेळी तंत्रज्ञ दर थोड्या वेळाने टोक पुसतेय का, हे आपल्यालाही दिसतं. तेवढं लक्ष असू द्या.

प्रत्यक्ष सिटिंग कशी असते ते सांगतो. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी त्या भागाची दाढी करतात, म्हणजे वस्तरा फिरवतात. बायका इथेच बिचकतात, की वस्तऱ्याने केस राठ होतात. तसं होत नाही. केस त्वचेच्या वर कापला की त्याचं टोक बोथट लागतं, एवढंच. खाली मुळाला त्याची खबरही नसते. उलट वॅक्सिंग आणि थ्रेडिंग मात्र चार ते सहा आठवडे आधीपासून बंद ठेवावं लागतं, कारण त्यात केस मुळासकट निघतो आणि प्रकाश शोषायला आत काही उरतच नाही. केस वर लांब ठेवूनही चालत नाहीत. मग झोत वरच्या केसातच खर्ची पडतो आणि कातडी भाजते.

डोळ्यांवर गडद चष्मा लावतात किंवा धातूचे झाकणासारखे कप ठेवतात. तुमच्या डोळ्यांवर आणि मशीन चालवणाऱ्याच्याही. एनडी-यागचा झोत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटून घेण्याची सूचनाच मेंदूला मिळत नाही, आणि तो थेट पडद्यापर्यंत पोचतो. शिवाय एका तरंगलांबीचा चष्मा दुसरीला चालेलच असं नाही. भुवईखालचे केस, पापणीच्या काठचे केस लेझरने काढायचे नसतात. तिथे लेझर वापरून डोळ्याच्या आतल्या भागाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भुवयांना थ्रेडिंगच बरं.

मग जेल, आणि ठक-ठक-ठक असे ठोके. प्रत्येक ठोक्याला रबर ओढून सोडल्यासारखी चणका बसते. वरच्या ओठावर ती नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणते, मांडीवर फारशी जाणवत नाही. खोलीत जळक्या केसांचा वास पसरतो. पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाच्या बुडाशी बारीक लालसर फुगवटा येतो, घामोळ्यांसारखा दिसतो. हे झोत मुळाला लागल्याचं लक्षण आहे आणि काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत बसतं. पण कातडी राखाडी किंवा पांढरट पडली, पापुद्रा सुटल्यासारखी वाटली, आग थांबतच नाही, तर सेटिंग जास्त झालंय. तेव्हा 'सहन करा, होतं असं' हे ऐकून घ्यायचं नाही, थांबवायला सांगायचं. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत केस वाढल्यासारखे वर येतात आणि गळून पडतात. बऱ्याच जणींना वाटतं की लेझर फुकट गेला, केस परत आले. ते परत आलेले नसतात, भाजलेले केस बाहेर ढकलले जात असतात.

दुखू नये म्हणून भूल देणारी क्रीम लावतात. ओठावर, हनुवटीवर थोडी लावली तर हरकत नाही. पण दोन्ही पायांना थापून वर प्लास्टिक गुंडाळायचं, हा प्रकार जिवावर बेतू शकतो. मोठ्या भागातून ते औषध रक्तात उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर, मेंदूवर परिणाम करतं. अमेरिकेत पायांच्या लेझरआधी असं करून दोन तरुणी दगावल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००७ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना काढली. घरून क्रीम फासून या, असं कुणी फोनवर सांगत असेल तर किती ग्रॅम, किती वेळ, हे विचारल्याशिवाय लावू नका.

आपल्याकडच्या काही खास गोष्टी फॉर्मवर छापलेल्या नसतात, म्हणून इथे. हनुवटीवर, कपाळावर किंवा हातावर जुनं गोंदण असेल तर त्यावरून झोत जाता कामा नये. गोंदणातला काळा रंग केसापेक्षाही जास्त तापतो आणि तिथे भाजतं. टॅटूचंही तेच. मेंदी रंगलेल्या हातांवर लेझर नको, मेंदी उतरू द्या. अंगावर हळदीचा लेप असेल तर तो धुऊन, कातडी मूळ रंगावर आली की मगच. समुद्रावर चार दिवस राहून तापून काळवंडून आलात तर सिटिंग पुढे ढकला, कारण त्या दिवशीची तुमची त्वचा मागच्या सिटिंगला होती त्यापेक्षा एक टप्पा गडद आहे. पावसाळ्यात सुरू करून हिवाळा संपेपर्यंत बरंचसं काम उरकणं, हे आपल्या हवेत सोयीचं पडतं. गोऱ्या दिसण्याच्या नादात मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम चालू असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. त्या क्रीमने कातडी पातळ होते, आणि गंमत म्हणजे चेहऱ्यावर केसही वाढतात. क्रीम तशीच चालू ठेवून वर लेझर करणारे लोक दोन्हीकडून पैसे घालवत असतात. मुरुमांसाठी चालू असलेल्या गोळ्याही सांगा. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते.

'अगं, पण पोटावर करताय, पुढे मूलबाळ व्हायला काही अडचण नाही ना यायची?' हा मावशीचा प्रश्न हमखास येतो. हा झोत त्वचेत काही मिलिमीटरच जातो. गर्भाशय तर सोडाच, पोटाच्या स्नायूंपर्यंतही त्याची उष्णता पोचत नाही. एक्स-रेसारखा पेशींच्या गुणसूत्रांना धक्का देणारा हा किरण नाही. गरोदरपणात मात्र लेझर टाळतात, कारण त्या काळातल्या सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास झालेला नाही आणि घाई करण्याचं काही कारणही नाही.

आता हनुवटीकडे वळू, कारण बहुतेक निराशा तिथेच पदरी पडते. काख, पाय, बिकिनी लाइन इथले निकाल चांगले येतात: केस जाड, काळे, आणि एकदा मूळ गेलं की नवीन तयार करण्याची शरीराला फारशी घाई नसते. बाईच्या हनुवटीवर, गळ्यावर, कल्ल्यांच्या जागी राठ केस येतात तेव्हा बहुधा हार्मोन काम करत असतात. पाळी अनियमित, मुरुमं, वजन वाढतंय, मानेमागे काळसर मखमली पट्टा, अशी लक्षणं सोबत असतील तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, तपासून घ्यायला हवा. लेझर आज असलेली मुळं जाळतो. पण त्याच भागात लवेच्या असंख्य खोबण्या झोपलेल्या असतात आणि पुरुषी हार्मोन त्यांना एकेक करून जाड केसात बदलत राहतात. म्हणून इथे सहा सिटिंगवर काम थांबत नाही, वर्षातून काही वेळा टच-अप लागतं, आणि सोबत औषधांची जोड असली तर फरक टिकतो. ती औषधं स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, ठरवतात, आणि केसांवर त्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात. थोड्याच महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर लेझरवाल्याकडे न जाता आधी डॉक्टरांकडे जा. क्वचित त्यामागे अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ असू शकते.

याच भागात आणखी एक उलटी गोष्ट घडते. केस कमी होण्याऐवजी वाढतात. जिथे मारा केला त्याच्या कडेला, गालावर, गळ्यावर, जिथे आधी नुसती लव होती तिथे काळे केस दिसू लागतात. सगळ्यांना होत नाही, पण दक्षिण आशियाई आणि भूमध्यसागरी वंशाच्या, सावळ्या त्वचेच्या, हार्मोनची तक्रार असलेल्या स्त्रियांत हे जास्त दिसतं. कडेला पोचलेली अपुरी उष्णता झोपलेल्या खोबण्यांना जागं करते, असा त्यामागचा एक अंदाज आहे. म्हणूनच गालांवर फक्त लव असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तिथे लेझर नको. बारीक, फिकट लवेत शोषायला रंगच नसतो, फायदा होण्याची शक्यता कमी आणि नवे केस उगवण्याची जोखीम आहेच. 'फुल फेस' पॅकेज स्वस्तात देतो म्हणून गाल त्यात घालून घेऊ नका.

पांढरे केस, भुरे केस, तांबूस केस: यांना लेझर नाही. पन्नाशीनंतर हनुवटीवर चार पांढरे राठ केस आले आणि त्यांना डाय लावून लेझर करू म्हटलं तर तेही जमत नाही, कारण डाय त्वचेच्या वर दिसणाऱ्या केसालाच लागतो, मूळ पांढरंच राहतं. यासाठी जुना मार्ग आहे तो इलेक्ट्रोलिसिसचा. अतिशय बारीक सुई केसाच्या खोबणीत घालून विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मूळ नष्ट करायचं. सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ही पद्धत वापरली ती डोळ्यात टोचणाऱ्या, आत वळलेल्या पापण्यांसाठी. एकेक केस घ्यावा लागतो, वेळखाऊ आहे, पण त्याला केसाच्या रंगाशी देणंघेणं नाही. चार-आठ पांढऱ्या केसांसाठी तोच योग्य.

'कायमचे केस जातील' असं बोर्डावर लिहिलेलं असतं. अमेरिकी एफडीए लेझर उत्पादकांना फक्त एवढंच म्हणू देते की केसांची संख्या दीर्घकाळ आणि स्थिरपणे कमी होते. एकही केस उरणार नाही, असा दावा करता येत नाही. चांगला निकाल म्हणजे बराच भाग रिकामा, उरलेले केस विरळ आणि मऊ, आणि वॅक्सिंगचा त्रास वर्षातून एखाद्या वेळेवर आलेला.

घरी वापरायची जी आयपीएल यंत्रं ऑनलाइन मिळतात, त्यात लेझर नसतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश असतो, गाळणी लावून आवरलेला. ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणून निकाल मंद आणि वापर सतत चालू ठेवावा लागतो. गोरी-गव्हाळ त्वचा आणि काळे केस असतील तर पायांना उपयोग होऊ शकतो. खोक्यावर त्वचेच्या रंगांची पट्टी छापलेली असते, तिच्यातल्या गडद चौकटींवर फुली असते. ती फुली पाळा. काही यंत्रांत त्वचा गडद असली तर झोतच न सोडणारा सेन्सर असतो, आणि तो चालू होत नाही म्हणून यंत्र बिघडलंय अशी तक्रार करणारे ग्राहक मी पाहिलेत. हनुवटीवर, वर सांगितलेल्या कारणांसाठी, घरगुती यंत्र नको. कमी ताकदीची उष्णता तिथे नेमकी नको तीच गोष्ट करू शकते.

केसांसाठी गेलेल्यांना काउंटरवर त्वचेचे उपचारही सुचवले जातात, तेव्हा थोडं त्याबद्दल. तत्त्व तेच, फक्त लक्ष्य बदलतं. लाल रक्तवाहिन्यांसाठी हिमोग्लोबिन शोषेल असा प्रकाश, टॅटूच्या शाईसाठी अब्जांश सेकंदाचे ठोके. 'कार्बन पील' नावाने जे विकलं जातं त्यात चेहऱ्यावर काळं कार्बन लावून एनडी-यागचे ठोके देतात. तात्पुरती तकाकी येते. मौजेची गोष्ट अशी की १९९५ मध्ये केसांसाठी एफडीएची परवानगी मिळालेली पहिली लेझर पद्धत हीच होती, कार्बनचं मिश्रण केसांच्या खोबण्यांत जिरवून. केस काही कायमचे गेले नाहीत, पद्धत फेशियलच्या यादीत उरली. वांग असेल तर मात्र प्रकाशाच्या कुठल्याही उपचाराबाबत सावध राहा. वांगाला उष्णता आणि प्रकाश दोन्ही मानवत नाहीत, सुरुवातीला फिकट होतो आणि मग दुप्पट गडद होऊन येतो. आधी सनस्क्रीन, आधी औषधी क्रीम, आणि लेझर अगदी शेवटी, तोही अनुभवी हातात.

प्रकाशाने त्वचेवर उपचार करणं ही कल्पना जुनीच. आयुर्वेदात कोडाच्या डागांवर बावची लावून उन्हात बसवायचे. बावचीतलं सोरॅलेन हे द्रव्य उन्हाबरोबर काम करतं हे विसाव्या शतकात समजलं आणि त्यावरच दवाखान्यातली आजची एक किरणोपचार पद्धत उभी आहे. नील्स फिन्सन या डॅनिश डॉक्टरांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं.

पुरुषांचं काय? दाढी केल्यावर गळ्यावर केस आत वळून पुटकुळ्या येतात त्यांना, आणि माकडहाडाच्या टोकाशी केस घुसून वारंवार गळू होतं त्यांना, लेझर हा खरोखर औषधोपचार आहे. त्या गळवाला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात 'जीपचा आजार' म्हणायचे, इतके जवान खडबडीत रस्त्यांवर जीपमध्ये बसून बसून त्याने आजारी पडत. शस्त्रक्रियेनंतर त्या भागाचे केस लेझरने कमी केले तर गळू पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं. इथे मुलगे लाजतात आणि दुखणं वाढवून ठेवतात.

दवाखाना निवडताना एसी हॉल आणि गुलाबी सोफे पाहू नका. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवरून पाहता येतं. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल. पहिल्या भेटीत पाळीबद्दल, औषधांबद्दल, उन्हाबद्दल, जुन्या डागांबद्दल कुणी विचारलंच नाही आणि थेट पॅकेजचा कागद पुढे केला, तर उठून या. मशीन कोणत्या तरंगलांबीचं आहे हे विचारा. उत्तर म्हणून फक्त ब्रँडचं नाव आलं तर पुन्हा विचारा. कानाजवळ किंवा जबड्याखाली दोन-तीन ठोक्यांची चाचणी करून पाहायला सांगा, आणि सावळ्या त्वचेला त्यानंतर निदान आठवडा-दोन आठवडे तरी थांबा, कारण भाजल्याचा काळेपणा लगेच दिसत नाही. प्रत्येक सिटिंगचं सेटिंग फाइलवर लिहून घ्यायला सांगा, आणि सुरुवातीचा फोटो त्याच उजेडात, त्याच कोनातून काढून ठेवा. चार महिन्यांनी आधी किती केस होते हे कुणालाच आठवत नाही, ना तुम्हाला ना त्यांना.

पैशाचं म्हणाल तर आठ सिटिंगचे एकरकमी भरू नका, सूट कितीही मोठी असो. आधी दोन-तीन सिटिंगचे भरा. तिसऱ्या सिटिंगनंतरही केसांची घनता फोटोत तेवढीच दिसत असेल, तर एक तर सेटिंग कमी पडतंय, नाही तर हार्मोनची तपासणी राहिलीय, नाही तर ते केस लेझरला दाद देणारेच नाहीत. तिन्ही बाबतीत उरलेल्या पाच सिटिंगचे पैसे तुमच्याच खिशात असलेले बरे.